सर जोसाया ट्विग यांची न्याहारी

अल्लामियाँने माझ्या नवऱ्याचा चेहरा घाईत उलटा बसवला असावा. अन्सारला आनंद झाला की तो कारल्याचा रस प्यायल्यासारखं तोंड करतो, आणि भीती वाटली की हसतो. निकाहच्या वेळी काझींसमोर त्याने इतके दात काढले की माझ्या मावशा म्हणाल्या, जमीलाचं नशीब थोर, पोरगा किती खूश आहे बघा. बिचारा भीतीने अर्धा झाला होता. पुढे हिना जन्मली तेव्हा कपाळाला आठ्या घालून असा उभा राहिला की नर्सने त्याला मुलगीसुद्धा अल्लाची देणगी असते यावर भाषण दिलं. त्या दिवशी त्याचे पाय जमिनीवर नव्हते, हे फक्त मला आणि त्याच्या आईला ठाऊक.

मी सांगतेय ती हकिगत त्र्याण्णव सालची. आम्ही बहारीनला, हूऱ्यात राहत होतो, उस्मानच्या कोल्ड स्टोअरच्या वर. कोल्ड स्टोअर म्हणजे आपलं वाण्याचं दुकानच, फक्त एसी असलेलं. तिथे दुधाबरोबर गल्लीतल्या बातम्याही ताज्या मिळायच्या. कोपऱ्यावर ट्विग बँक होती आणि अन्सार तिथे कॅशियर होता. या बँकेच्या दारावर ना सिंह ना गरुड. होती ती उकडलेलं अंडं उभं ठेवायची एक पितळी वाटी, आणि वाटीत टवका उडालेलं अंडं. म्हणून सगळा हूरा तिला अंडेवाली बँक म्हणायचा.

त्या साली बँकेला सव्वादोनशे वर्षं झाली. बँकेचे मॅनेजर मिस्टर व्हिटकोम, लालबुंद, सज्जन आणि इज्जतीला फार जपणारे, यांनी ठरवलं की हॉटेलात जंगी संध्याकाळ करायची आणि बँकेचे संस्थापक सर जोसाया ट्विग यांच्या आयुष्यावर नाटक बसवायचं. काम दिलं शिरीषभाऊंना. शिरीष बँकेत अकाउंटंट, मूळचे पुण्याचे. कॉलेजात एकांकिकांची बक्षिसं मिळवलेली, आणि बोलता बोलता ती एकेक बाहेर काढून दाखवायची सवय. त्यांना वाटलं होतं, सर जोसाया आपणच होणार. पण बँकेत टांगलेल्या चित्रातले सर जोसाया गोल गरगरीत, आणि शिरीषभाऊ म्हणजे कपडे वाळत घालायची काठी. हूऱ्यातल्या शिंप्याने चित्र बघून शिवलेला मखमली कोट संबंध बँकेत एकाच माणसाला बसला. तो माणूस घरी आला तेव्हा दात काढून हसत होता. मी ओळखलं, याला नाटकात घेतलंय.

तालमी आमच्या हॉलमध्ये ठरल्या, कारण शिरीषभाऊंच्या बायकोने, सुनीताने, आपल्या हॉलमधल्या नव्या गालिच्याची सबब पुढे केली. पहिल्या दिवशी शिरीषभाऊंनी बँकेचं जाडजूड पुस्तक उघडून सर जोसायांचं चरित्र सांगितलं. अन्सारची आई शरीफुन्निसा, म्हणजे माझी सासू, आमची अम्मा, तांदूळ निवडत बसली होती. साहेब लोकांच्या गोष्टींत तिला रस नव्हता.

"सर जोसाया म्हणजे इंग्लंडातल्या एका बंदरावरच्या सुक्या मासळीच्या व्यापाऱ्याचा मुलगा," शिरीषभाऊ म्हणाले.

अम्माने ताट बाजूला ठेवलं. तिचा बापही मासळीच सुकवायचा. "सुकी मासळी? मंग घरातलाच झाला की."

तिथून पुढे ती हललीच नाही. मीही नाही, खोटं कशाला बोला. काय माणूस होता. खलाशी लांबच्या सफरीवर निघताना आपली कमाई या जोसायाकडे ठेवून जायचे, आणि तो ती खारवलेल्या मासळीच्या पिंपात तळाला पुरायचा. चोराला धाडस असतं पण नाक नाजूक असतं, हे त्याने ओळखलेलं. एकदाही चोरी झाली नाही. पुढे लंडनला जाऊन बँक काढली तर म्हणे पहिली कित्येक वर्षं तिथल्या नोटांना बांगड्याचा वास यायचा, आणि लोक वास घेऊन नोट खरी की खोटी ते सांगायचे.

मग पैसा झाला, आणि पैसा झाल्यावर माणसाला जे सुचतं तेच सुचलं. निवडणूक. त्याच्या मतदारसंघात मतदार किती, तर एकोणीस. आमच्या इमारतीत एका मजल्यावर याहून जास्त माणसं राहायची. त्याने सगळ्यांना जेवायला बोलावलं आणि निवडून येईपर्यंत उठूच दिलं नाही. एक म्हातारा तेवढा रुसून बसला होता, जोसायाच्या कुत्र्याने त्याचं बदक खाल्लं म्हणून. जोसायाने त्याला कुत्राच देऊन टाकला. म्हाताऱ्याने मतही दिलं आणि पुढे कुत्र्याचं नाव जोसाया ठेवलं.

"पार्लमेंटात वर्षानुवर्षं बसले," शिरीषभाऊंनी पान उलटलं, "आणि बोलले फक्त एकदा. युद्धावर वाद चालला होता. सर जोसाया झोपले होते. जागे झाले, उभे राहिले आणि म्हणाले, जेवायची वेळ झाली. सभा उठली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी लिहिलं, देशात एक तरी शहाणा पुढारी आहे."

"आणि एवढ्यावर सर केलं?" मी विचारलं.

"वहिनी, पुढाऱ्याने गप्प बसणं ही काय लहान देशसेवा आहे?"

पण खरी गोष्ट पुढे होती, अंड्याची. एका वर्षी लंडनमध्ये बँका पटापट बुडायला लागल्या. ट्विग बँकेबाहेरही लोक जमले, आमचे पैसे द्या म्हणून. आत तिजोरीत खडखडाट. सोनं यायचं होतं नदीतून होडीने, आणि होडी ओहोटीत अडकलेली. सर जोसायाने काय करावं? टेबल-खुर्ची उचलून बँकेच्या पायरीवर आणली, गळ्याला रुमाल बांधला आणि न्याहारी करायला बसला. एक अंडं खाल्लं. दुसरं खाल्लं. गर्दी बघत राहिली. तासामागून तास गेले, हा टवके उडवतोय आणि मीठ भुरभुरवतोय. शेवटी गर्दीतलं कोणीतरी म्हणालं, ज्याची बँक बुडतेय त्याच्या घशाखाली एवढी अंडी उतरतील का? लोक शरमून घरी गेले. भरतीला होडी आली. बँक वाचली, आणि दारावर अंडं लागलं.

"अंडी कोणी उकडली?" मी म्हटलं.

शिरीषभाऊंनी पुस्तकात बघितलं. "ते दिलेलं नाही."

"बायको होती ना त्याला?"

"होती. लेडी डोरोथी. जन्म आणि मृत्यू दिलाय."

"म्हणजे नवरा पायरीवर बसून अख्खं खुराडं गिळतोय, आणि आत जी बाई न थांबता अंडी उकडतेय, तिजोरी रिकामी आहे हे माहीत असूनही जी ताटामागून ताट बाहेर पाठवतेय, तिच्याबद्दल या जाड पुस्तकात एक ओळ नाही?"

शिरीषभाऊंनी अन्सारकडे बघितलं. अन्सारने छताकडे बघितलं. अशा रीतीने लेडी डोरोथीचं काम मला मिळालं. पण बोलायला वाक्य नाही. इतिहासात नाही ते घालणार नाही, असा शिरीषभाऊंचा बाणा. मी ताट आणायचं, ठेवायचं आणि जायचं. ते मी घरी रोज करते, त्याला नाटक कशाला हवं?

गर्दी गल्लीतलीच जमवली. गर्दीने कुठल्याही भाषेत ओरडावं, साहेबांना चालणार होतं. सव्वादोनशे वर्षांपूर्वीचे लंडनवाले तरी कुठे शुद्ध बोलत असतील. पण जमलेले सगळे भिडस्त. "पैसे द्या हो," असं ते वाढदिवसाला केक मागावा तसं म्हणायचे. शिरीषभाऊ डोकं धरून बसले. तेव्हा अम्मा सोफ्यावरून उठली. माझी सासू जयगडची. खाडीच्या या काठावरून पलीकडच्या तरीला हाक मारून बोलावणारा तिचा आवाज. बहारीनच्या फ्लॅटात येऊन इतकी वर्षं बिचारा घडी घालून ठेवलेला. तिने पदर खोचला.

"बँक बुडाली," अम्मा गरजली. "माजे पैसे टाका, मेल्यांनो. माज्या हजचे पैसे हायत ते."

काचेच्या कपाटातले कप वाजले. हिना दुसऱ्या खोलीतून म्हणाली, "दादी इज सो लाउड, मम्मी," आणि कानात बोटं घालून अभ्यासाला बसली. शिरीषभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. असा आवाज मला पुण्यातही मिळाला नाही, म्हणाले.

हजचे पैसे हे काही नाटकातलं वाक्य नव्हतं. अम्मा घरी मसाला कुटून एकट्या राहणाऱ्या पोरांच्या मेसला विकायची, आणि एकेक दिनार साठवून ट्विग बँकेत ठेवायची. पुढच्या हजला जायची रक्कम नुकतीच पुरी झाली होती. तिने स्वतःचं दुःख वापरून अभिनय केला, असं शिरीषभाऊ म्हणाले. आता मला वाटतं, त्याच क्षणी आम्ही सगळ्यांनी सावध व्हायला हवं होतं.

तालमी रंगल्या. न्याहारी खरी हवी, असा दिग्दर्शकाचा हुकूम, म्हणून मी पातेलंभर अंडी उकडायची आणि अन्सार ती खायचा. त्याला रात्री स्वप्नात कोंबड्या दिसायला लागल्या. आणि अडचण वेगळीच होती. गर्दी ओरडायला लागली की सर जोसाया खी खी हसायचे.

"अन्सारभाई, बाहेर लोक खवळलेत, आत तिजोरी रिकामी. दात काय काढताय?"

"घाबरलाय तो," मी सांगायची.

"कशाला? नाटकच तर आहे."

"नाटकालाच घाबरलाय, भाऊ."

शेवटची तालीम शुक्रवारी, सुट्टीच्या संध्याकाळी झाली. नोव्हेंबरची छान हवा, सगळ्या इमारतीचे एसी बंद, खिडक्या सताड उघड्या. आणि आमची गर्दी आता तयार झालेली. अम्माने पुढाकार घेतला आणि बाकीच्यांनी मागून हिंदीत, मराठीत, मल्याळीत उचलून धरलं, बँक डूब गई, पैसा वापस करो. खाली उस्मानच्या दुकानाशी चार माणसं मान वर करून उभी होती, ती मी ताट नेताना बघितली. मला वाटलं, प्रेक्षक. कशी हरखले होते मी तेव्हा.

हे विसरून चालणार नाही की दोनच वर्षांपूर्वी एक भलीमोठी बँक रातोरात बुडाली होती आणि आखातातल्या कितीतरी लोकांची आयुष्याची कमाई तिच्याबरोबर गेली होती. दुधाने तोंड पोळलेली माणसं होती ती, ताक फुंकून पिणारच. आणि खिडकीतून आवाज येतोय तो कोणाच्या घरातून, तर बँकेच्याच कॅशियरच्या.

तरीही काही झालं नसतं. उस्मानला नाटकाचं माहीत होतं, तोच अंडी पुरवत होता. शनिवारी सकाळी लोक दुकानात विचारायला आले तेव्हा तो म्हणाला, अरे, ड्रामा आहे, जा आपापल्या कामाला. लोक हसून निघालेही होते. तेवढ्यात त्यांनी काय बघितलं? काळा बुरखा, हातात पिशवी, पायात चालायचे बूट. अम्मा तरातरा बँकेकडे निघालेली.

"अम्मा, सकाळी सकाळी?" उस्मानने विचारलं.

"पैसे काढाया जातंय," अम्मा म्हणाली. "रोज रोज कोण उगीच बोंबलल? आग असल्याबिगर धूर नाय. तू पण काढ, बाबा."

कॅशियरची आई स्वतः पैसे काढतेय. यापुढे आणखी कसला पुरावा हवा? उस्मानने दुकानाचं शटर ओढलं. त्याच्या मागून दुकानात जमलेले सगळे निघाले. बँक उघडायच्या आत रांग कोपऱ्यावरून वळली होती.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. अन्सार न्याहारी न करताच लवकर गेला होता, साहेबांनी कार्यक्रमाच्या कामाला बोलावलं म्हणून. मी रात्रीची उरलेली अंडी त्याच्या डब्यात भरत होते. फोन वाजला.

"जमीला, हे हे," अन्सार म्हणाला. "अम्मा इकडं हाय. रांगेत पयली. हे हे हे. मागं शंभर माणूस हाय."

त्याला इतकं हसताना मी आमच्या लग्नानंतर ऐकलं नव्हतं.

"शाखेत रोकड किती आहे?" मी विचारलं.

"निम्म्या रांगेला पुरंल. मेन ऑफिसातनं मागवलीय, गाडी कॉजवेच्या पुलावर ट्रॅफिकात अडकलीय. साहेबाने विचारलं, ही पयली बाई कोण? मी सांगितलं, माझी आई. हे हे. तो म्हणाला, नंतर केबिनमध्ये ये."

मी फोन ठेवला. बँकेवर त्याचा व्हिसा, त्याच्या व्हिसावर आमचा तिघींचा. नोकरी गेली की हूऱ्यातलं घर, हिनाची शाळा, सगळं बांधून रत्नागिरीच्या वाटेला. आणि तेही कोणत्या गुन्ह्यासाठी, तर सासूबाईंनी अभिनय फार मनावर घेतला म्हणून. मी डबा उचलला आणि धावले. वाटेत मी अम्माला जे जे बोलणार होते ते तोंडपाठ करत गेले. इतकं चांगलं भाषण मला पुन्हा कधी सुचलं नाही.

मी पोचले तेव्हा अम्मा खिडकीशी होती. काचेपलीकडे अन्सार नोटा मोजत होता, आणि हसत होता. मागच्या रांगेत कुजबुज चालली होती, बघा, कॅशियर हसतोय, म्हणजे बँक ठीक असेल. दुसरा म्हणत होता, छे, याने आपले आधीच काढले असणार, म्हणून हसतोय. मी अम्माचं तोंड बघितलं. ती नोटांकडे बघतच नव्हती. ती पोराकडे बघत होती.

अन्सारने पुडकं सरकवलं. तिने ते घेऊन पिशवीत घातलं आणि बाहेर आली. पायरीवर पितळी अंड्याच्या बरोबर खाली मी उभी होते, भाषण घेऊन.

"जमीला," ती म्हणाली, "तो हसतोय."

"हसेल नाही तर काय करेल? नोकरी चाललीय त्याची. साहेबाने केबिनमध्ये बोलावलंय. तुम्ही..."

"नोकरी? माज्यामुळं?"

माझं पाठ केलेलं भाषण तिथेच संपलं. तिचा चेहरा इतका एवढासा झाला होता की मला पुढे बोलवेना. ती पायरीवर बसली. मग मीही बसले. रांगेतली सगळी माणसं आमच्याकडे बघत होती.

"खरंच बुडत नाय ना गो बँक?" तिने हळूच विचारलं.

"मला काय माहीत, अम्मा? मला एवढंच माहीत आहे की ते नाटक होतं."

अम्माने पिशवी मांडीवर घट्ट धरली. कितीतरी वर्षांचा मसाला होता त्या पिशवीत. मग तिने माझ्या हातातला डबा बघितला. "यात काय हाय?"

"अंडी."

"दे."

तिने बुरख्याचा रुमाल गळ्याशी नीट केला, एक अंडं पायरीवर आपटून सोललं आणि खाल्लं. दुसरं मला दिलं. लग्न झाल्यापासून आम्ही दोघी एका डब्यात कधी जेवलो नव्हतो. तिला माझं मीठ जास्त वाटायचं, मला तिचं बोलणं. त्या दिवशी आम्ही दोघींनी बँकेच्या पायरीवर बसून मिठाशिवाय अंडी खाल्ली. मी घाईत मीठच विसरले होते.

उस्मान रांग सोडून आला. "अम्मा, हे काय? बँक बुडतेय आणि तू नाश्ता करतंस?"

"कोण म्हणतो बुडतेय?" अम्माने घास गिळला आणि तो खाडीपलीकडचा आवाज काढला. सगळी रांग वळली. "माजे पैसे हायत का नाय ते बघाया काढले मी. मोजले. हायत. आता परत ठेवतंय."

ती उठली, बुरख्याला हात पुसला, पुन्हा आत गेली, आणि सगळं पुडकं अन्सारच्या खिडकीतून आत सरकवलं. मी तिच्या मागेच होते, म्हणून मला ऐकू आलं. "बुडली तर बुडली," ती काचेशी तोंड नेऊन म्हणाली. "हज पुढल्या वर्षी. पण तू हसू नको, रं."

बँक बुडणार नाही याची तिला अजूनही खात्री नव्हती, हे मी शपथेवर सांगते. तिला एवढंच कळलं होतं की तिचा मुलगा हसतोय.

पण रांगेला ते कुठे माहीत होतं? रांगेला अम्माचा हिशेब पटला. पैसे आहेत का बघायचे, मोजायचे, परत ठेवायचे. यात शहाणपणही होतं आणि बेअब्रूही नव्हती. उस्मानने आपले सगळे पैसे काढले, काउंटरवर दोनदा मोजले, समाधानाने मान हलवली आणि परत भरले. त्याच्या मागच्याने तेच केलं. त्याच्याही मागच्याने तेच. एकाने भरलेल्या नोटा अन्सार दुसऱ्याला देत होता, दुसऱ्याने परत केलेल्या तिसऱ्याला. मेन ऑफिसची गाडी आली तोवर त्याच नोटांनी अर्ध्या हूऱ्याचे हात बघून झाले होते. एक पंजाबी ड्रायव्हर तर नोटांना नमस्कार करून त्या परत देऊन गेला. मी दारात उभी राहून उरलेली अंडी वाटली. डोरोथीबाईंनीही बहुतेक असंच केलं असेल, पण पुस्तकात कोण लिहिणार?

दुपारी रांग संपली. केबिनचं दार उघडलं आणि साहेबांनी अन्सारला बोलावलं.

अम्मा आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. शिरीषभाऊही येऊन उभे राहिले, त्यांची नखं खाऊन संपली होती. काचेतून साहेबांचा लाल चेहरा दिसत होता आणि अन्सारची पाठ. पाठीवरून काही कळेना. अम्माने माझा हात धरला. तिचा तळवा मसाल्याच्या मुसळाने घट्टे पडलेला, खरखरीत, हे मला आधी कधी ठाऊकच नव्हतं.

"आता बाहेर येतानाचं तोंड बघायचं," ती म्हणाली. "हसत आला तर मी सामान बांधतंय."

"मी पण," मी म्हटलं.

साहेब उभे राहिले. अन्सार उभा राहिला. आत बराच वेळ काहीतरी बोलणं झालं. मग दार उघडलं. शिरीषभाऊंनी डोळे मिटून घेतले.

अन्सार बाहेर आला. कपाळावर आठ्या, ओठ खाली ओढलेले, भुवया गच्च एकत्र. कुणी त्याचं घरदार लुटून नेलंय असा चेहरा.

"गेली," शिरीषभाऊ पुटपुटले. "नोकरी गेली."

अम्माने माझा हात सोडला आणि दोन्ही हात वर केले. "अल्हम्दुलिल्लाह," ती म्हणाली, आणि रडायला लागली. मग मीही. बिचाऱ्या शिरीषभाऊंना काही समजेना.

"काय म्हणाले साहेब?" मी डोळे पुसत विचारलं.

"सव्वादोनशे वर्षांत," अन्सार कारल्यासारखं तोंड करून म्हणाला, "सर जोसायांच्या नंतर त्या पायरीवर कुणी अंडी खाल्ली नव्हती म्हणे. साहेब म्हणतात, नाटकात अम्माचं काम वाढवा. आणि शिरीषभाऊ, डोरोथीला वाक्य द्या."

"कोणतं वाक्य?" शिरीषभाऊंनी कसंबसं विचारलं.

मी डब्याचं झाकण लावलं. वाक्य माझ्याकडे तयारच होतं.

"मीठ विसरलं," मी म्हटलं, "पण तुम्ही खात राहा."